कणी, कोंडा आणि विष्किर : गांवकोंबडीच्या खाद्याचा इतिहास

प्रस्तुत टिपणाचा विषय कांहीं वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. सनदा, ताम्रपट, महजर आणि वंशावळी यांच्या पंक्तींत कोंबडीनें येऊन उकरावें हें प्रथमदर्शनीं शोभण्याजोगें नाहीं. तथापि घोड्यांच्या चंदीचे आणि हत्तींच्या खुराकाचे हिशेब जुन्या कागदांतून जेथें विपुल सांपडतात, तेथें ज्या पक्ष्यानें खेड्यापाड्यांतून घरोघर अंडीं पुरविलीं त्याच्या दाण्याचा हिशेब सहसा दृष्टीस पडत नाहीं, ही गोष्ट इतिहासाभ्यासकानें विचारांत घेण्यासारखी खास आहे.

हल्लीं बाजारांतील तयार खाद्य न घेतां चार कोंबड्या परसांत पाळाव्या असें पुष्कळांच्या मनांत येतें. आणि त्यासंबंधीं बोलतांना 'आपले पूर्वज कोंबडीस कांहींच घालीत नसत, ती आपोआप वाढत असे' हें वाक्य हटकून ऐकूं येतें. या वाक्याचा पूर्वार्ध बहुतांशीं खरा आहे, उत्तरार्ध मात्र साफ खोटा आहे. कोंबडीच्या मागें एक सबंध घरगुती व्यवस्था उभी होती. ती व्यवस्था कोणी लिहून ठेविली नाहीं, कारण ती बायकांच्या हातांत होती आणि तिला पैसा पडत नव्हता. ती मोडली तेव्हां दुकानाची गरज उत्पन्न झाली. एवढेंच येथें सप्रमाण दाखविण्याचा हेतु आहे.

प्रथम आपल्याकडील संस्कृत साधनें पाहूं. अश्वांस शालिहोत्र लाभला, गजांस पालकाप्य लाभला, ससाण्यांवरहि श्यैनिकशास्त्र झालें. कोंबडीच्या पोषणास असा नामांकित ऋषि कोणी मिळाला नाहीं. पण जेथें शास्त्रकार मौन धरितात तेथें पुष्कळदां वैयाकरण बोलतो. पाणिनीच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत 'कॄ' म्हणजे विखुरणें या धातूस कोणकोणत्या अर्थीं 'सुट्' हा आगम होतो हें सांगितलें आहे. त्यांतील १४२ व्या सूत्राप्रमाणें चतुष्पाद प्राणी किंवा पक्षी जमीन खरवडीत असेल तर 'अपस्किरते' असें रूप होतें. सर्वच खरवडण्यास हें रूप लागत नाहीं, असा निर्बंध वार्तिककारांनीं घातला : हर्ष, जीविका आणि बसण्याची जागा करणें या तीनच हेतूंनीं केलेलें खरवडणें येथें घ्यावयाचें. काशिकाकारांनीं तिहींचीं उदाहरणें दिलीं आहेत. हर्षानें खरवडतो तो बैल, आसऱ्यासाठीं खरवडतो तो कुत्रा, आणि भक्ष्यासाठीं खरवडतो तो कुक्कुट. म्हणजे 'जीविका' या शब्दाचें उदाहरण शोधूं जातां व्याकरणकारांच्या डोळ्यांपुढें जो प्राणी प्रथम उभा राहिला तो कोंबडा होय. पुढें १५० व्या सूत्रांत 'विष्किर' हा पक्षिवाचक शब्द सिद्ध केला आहे. त्याचाहि अर्थ विखरून खाणारा असाच. अमरकोशांत कुक्कुटास 'चरणायुध' म्हटलें आहे. वैयाकरणांच्या मतें तोच चरण त्याचा नांगरहि आहे.

याच 'कॄ' धातूचें कुटुंब मराठींत अजून नांदत आहे, इकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. कोंबडी 'उकरते' हें आपलें क्रियापद संस्कृत 'उत्किरति' याचेंच रूप. उंदीर किंवा खेंकडा बिळांतून जी माती वर काढतो तिला आपण 'उकीर' म्हणतों. आणि ज्या ठिकाणीं कोंबडी दिवसाचा मोठा भाग घालविते तो 'उकिरडा' हा शब्द प्राकृत 'उक्कुरुड' याच्या द्वारें संस्कृत 'उत्कर' याच्याशीं जाऊन मिळतो. यज्ञमंडपांत वेदीची झाडलेली माती जेथें टाकीत त्या ढिगास 'उत्कर' म्हणत. तेव्हां पक्षी, त्याची कृति आणि त्याचें कुरण हीं तिन्हीं एकाच धातूंतून निघालीं आहेत. शब्दांचा असा एकोपा प्रत्यक्ष व्यवहारांत तो फार जुना असल्यावांचून होत नाहीं, असें निदान मला तरी वाटतें.

स्मृतिकारांनीं ग्राम्यकुक्कुट द्विजांस अभक्ष्य ठरविला. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत हा निषेध आहे, आणि महाभाष्याच्या आरंभींच पतंजलीनें त्याचा दृष्टांत घेऊन ग्राम्य निषिद्ध म्हटल्यावर आरण्य भक्ष्य हें ओघानेंच कळतें, असें म्हटलें आहे. या निषेधाचें कारण गांवकोंबडीच्या आहारांत असावें असा तर्क करण्यास जागा आहे, कारण ग्राम्य शूकरहि त्याच वाक्यांत तिच्या जोडीस बसला आहे, आणि दोघेहि उकिरड्यावरचे. मौज अशी कीं, त्याच मनूनें चौथ्या अध्यायांत ब्राह्मणास सर्वांत श्लाघ्य अशी जी वृत्ति सांगितली ती उंछशिल, म्हणजे शेतांत व खळ्यावर सांडलेले दाणे आणि कणसें वेंचून निर्वाह करणें. ही वृत्ति आचरणारा ब्राह्मण पुराणांतच भेटतो; कोंबडी मात्र ती रोज आचरीत असते. चाणक्याच्या नांवानें चालणाऱ्या नीतिसंग्रहांतहि कोंबड्यापासून शिकावयाच्या चार गोष्टींत स्वतः झडप घालून मिळविलेलें अन्न खाणें ही एक गणिली आहे.

आतां अर्थशास्त्राकडे वळूं. कौटिल्याचा हा ग्रंथ म्हैसूर येथें शामशास्त्री यांस १९०५ सालीं हस्तलिखितरूपानें मिळाला व १९०९ सालीं छापून निघाला, हें संग्राहकांस सांगावयास नको. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणांत राजकोठारांतून कोणत्या प्राण्यास किती अन्न द्यावें हें मापासह दिलें आहे. कुत्र्यास एक प्रस्थ भात; हंस, क्रौंच आणि मयूर यांस अर्धा प्रस्थ; बाकीच्या पशुपक्ष्यांचें प्रमाण एका वेळच्या खाण्यावरून अनुमानानें ठरवावें, असा निर्णय आहे. कुक्कुटाचें नांव नाहीं. तो 'बाकीच्यां'त गेला. पण याच प्रकरणाच्या शेवटीं एक लहानसा नियम आहे, तो मला अधिक मोलाचा वाटतो. कांडणांत निघालेले कोळसे व तूस लोहाराच्या कारखान्याकडे आणि भिंती लिंपणाऱ्यांकडे पाठवावे, आणि 'कणिका' दास, मजूर व स्वयंपाकी यांस द्यावी. कणिका म्हणजे आपली कणी. शब्द फारसा न बदलतां दोन हजार वर्षांनंतर कोंकणांतल्या सुपांत येऊन पडला आहे. धान्याच्या प्रत्येक अवशेषास एक धनी ठरलेला होता, हें या नियमावरून स्पष्ट होतें. कणीचा पहिला धनी मनुष्य होता, तोहि गरीब मनुष्य. कोंबडीचा हक्क त्याच्या मागून येतो. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण ज्यांनीं केली त्यांनीं कोंडा कोंबडीचा समजून केली नव्हती.

वैद्यकग्रंथांचा निर्देश थोडक्यांत करतों. चरकाच्या सूत्रस्थानांत, सत्ताविसाव्या अध्यायांत, कुक्कुट 'विष्किर' वर्गांत बसविला आहे. चोंच मारून खाणारे ते 'प्रतुद' निराळे. सुश्रुत आणि वाग्भट हे रानकोंबड्याचें मांस आणि गांवकोंबड्याचें मांस यांत भेद करितात, व दुसरें गुरु ठरवितात. मांसाचा गुण सांगतांना प्राणी कोठें वावरतो व काय खातो याचा 'चर' या शब्दानें विचार करावा असें चरकाचें सांगणें आहे. पक्ष्याचें मांस त्याच्या खाण्यावरून बनतें ही जाणीव यांत आहे. पण काय घालावें याचा विधि नाहीं.

मुद्दाम खाऊं घातलेला कोंबडा ग्रंथांत भेटतो तो झुंजीचा. कामसूत्राच्या चौसष्ट कलांत मेष, कुक्कुट व लावक यांच्या झुंजीची कला आहे. दशकुमारचरितांत नारिकेल व बलाक अशा दोन जातींच्या कोंबड्यांची झुंज वर्णिली आहे. आणि कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत कुक्कुटविनोदास स्वतंत्र स्थान आहे. हा सर्व राजेरजवाड्यांचा व नागरकांचा कोंबडा. आईन-इ-अकबरींत अबुल फजल सांगतो कीं, बादशाही मुदपाकखान्यांत मेंढ्या, बकऱ्या, कोंबड्या व बदकें स्वयंपाक्यांच्या हातीं देऊन पुष्ट करीत, आणि कोंबडी एक महिन्याहून अधिक ठेवीत नसत. महिन्याची ही मर्यादा बोलकी आहे. राजाच्या कोठारालासुद्धां दाणा घालून कोंबडी बाळगणें अल्पकाळच परवडे, अथवा परवडावें असें वाटे.

कोंबडी मनुष्याकडे आली ती मुळांत कशामुळें, याविषयीं गेल्या कांहीं वर्षांत नवा प्रकाश पडला आहे. जुन्या ग्रंथांत सिंधुसंस्कृतीला पहिला मान दिलेला आढळतो. परंतु २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासांत जगभरांतील प्राचीन कोंबड्यांच्या अस्थींची फेरतपासणी झाली, आणि निःसंशय पाळीव अशा सर्वांत जुन्या अस्थि मध्य थायलंडांतील बान नोन वाट या स्थळच्या, सुमारें इ. स. पू. १६५० ते १२५० या काळांतल्या, ठरल्या. तांदूळ व राळ्यासारखीं बारीक धान्यें कोरडवाहू शेतांत होऊं लागलीं, तीं खावयास तांबडा रानकोंबडा झाडावरून खालीं उतरला, आणि त्याचें रानटीपण तेथेंच हळूहळू सुटलें, असें संशोधकांचें अनुमान आहे. म्हणजे आपण कोंबडीस धरून आणून दाणे घातले असें नव्हे. सांडलेल्या दाण्यांमागें तीच आली. आपल्या सह्याद्रींतला करडा रानकोंबडा हा निराळ्या जातीचा. पण पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग ज्या गुणसूत्रांशामुळें येतो तो या करड्या जातीकडून आला असें २००८ सालीं सिद्ध झालें. हा पिवळेपणाहि अन्नावर अवलंबून : हिरवा पाला किंवा मका पोटांत गेल्यावांचून तो उमटत नाहीं.

दुकानावांचून पोषण करण्याचें लेखी शास्त्र ज्यांनीं केलें ते रोमन लोक. त्यांच्याकडे केटो, व्हॅरो आणि कॉल्युमेला असे तीन कृषिलेखक झाले. त्यांपैकीं इ. स. च्या पहिल्या शतकांतील कॉल्युमेला याचें आठवें पुस्तक घरच्या कोंबड्या, हंस, मासे वगैरे पाळण्यासंबंधीं आहे. त्याच्या मतें दोनशें पक्षी हा एका राखणाऱ्यास पुरे होईल असा कळप. त्यांस भरडलेला जव, लाखेच्या जातीचें कडधान्य, आणि वरी-राळ्याच्या जातीचीं बारीक धान्यें द्यावीं, परंतु तीं जेथें स्वस्त असतील तेथेंच. महाग असतील तर गव्हाचें चाळण द्यावें. खुद्द गहूं मात्र स्वस्त असला तरी कोंबडीस मानवत नाहीं. पीठ पुरतें न काढलेला कोंडा चालतो. सायटिसस नांवाच्या झुडपाचा पाला व बी कोंबड्यांस फार आवडते. अर्धवट शिजविलेल्या जवानें अंडीं मोठीं व अधिक होतात. द्राक्षें पिळून राहिलेला चोथा दिला असतां अंडीं थोडीं व लहान होतात, म्हणून तो अंड्यांचा हंगाम संपल्यावर द्यावा. अंग घोळण्यास कोरडी धूळ व राख ठेवावी, हेंहि त्यानें सांगितलें आहे.

या यादीकडे नीट पाहिलें म्हणजे तिच्यांत एक क्रम दिसतो. उत्तम धान्य, मग त्याचें चाळण, मग कोंडा, मग पाला, शेवटीं घाण्याचा चोथा. बाजारभाव जसा चढेल तसें एकेक पायरी खालीं उतरावयाचें. कॉल्युमेला सधन जमीनदार होता, गुलाम हाताशीं होते, आणि दोनशें पक्ष्यांचें अन्न उकिरड्यावर होत नाहीं हें त्यास ठाऊक होतें. म्हणून त्यानें हिशेब लिहिला. आपल्या गांवकरणीच्या सहा कोंबड्यांना हिशेबाची गरज नव्हती. लेखी साधनांच्या अभावाचें हें एक कारण मला पटतें.

रोमन लोकांचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इ. स. पू. १६१ मध्यें तेथें फॅनिअसच्या नांवाचा एक कायदा झाला. त्यानें जेवणांत एका कोंबडीहून अधिक पक्षी वाढण्याची बंदी केली, आणि ती कोंबडीहि मुद्दाम पोसून लठ्ठ केलेली नसावी असें ठरविलें. लोकांनीं कोंबडीऐवजीं नर पिलें दुधांत भिजविलेल्या अन्नावर पोसण्यास आरंभ केला, असें प्लिनी सांगतो. कायदा आणि पळवाट यांचें वय सारखेंच असतें. पण मनुष्याचें धान्य पक्ष्याच्या पोटांत जाणें हा राज्यानें लक्ष घालण्याचा विषय आहे, ही कल्पना त्या काळीं होती, एवढें यावरून दिसतें.

धान्याव्यतिरिक्त दुसरें अन्न म्हणजे किडे. ऑलिव्हिए द सेर या फ्रेंच लेखकानें १६०० सालीं आपल्या कृषिग्रंथांत किड्यांचें कोठार करण्याची रीति दिली आहे. खड्डा खणून त्यांत पेंढा, ताजी लीद, माती, जनावराचें रक्त वगैरे थरांनीं भरावें, आंत किडे माजूं द्यावे, आणि रोज सकाळीं थोडा भाग उघडून कोंबड्यांपुढें टाकावा. आफ्रिकेच्या पश्चिम भागांत शेतकरी मडक्यांत वाळलें गवत व शेण भरून तें वाळवीच्या वाटेवर पालथें घालतात आणि वाळवी भरल्यावर पिलांपुढें झाडतात. कोंकणांत वारुळाचें ढेंकूळ फोडून तें पिलांपुढें ठेवतांना मीं अनेकदां पाहिलें आहे. तें करणाऱ्या म्हातारीस त्यासाठीं कोणा फ्रेंच ग्रंथकाराची आवश्यकता नव्हती. पिलांस आरंभीं प्राणिज अन्न लागतें, दाणा मागाहून चालतो, हें तिघांसहि अनुभवानें कळलें होतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आपल्याकडे गिरणी येण्यापूर्वीं भात घरांत कांडला जात असे. कांडण, पाखडण आणि सडण या तीन कामांत चार पदार्थ निघतात : तांदूळ, कणी, कोंडा आणि तूस. तांदूळ मडक्यांत जातो. कणी कांहीं घरीं राहते, कांहीं कांडणारणीच्या ओटींत मजुरी म्हणून पडते. तूस चुलीकडे किंवा राखेकडे जातें. कोंडा गोठ्यांत जातो, आणि सुपांतून उडालेला, उखळाच्या कडेस सांडलेला, उंबऱ्यावरून झाडलेला भाग कोंबडीचा. सूप हातांत घेऊन घरांतली बाई अंगणांत आली कीं कोंबड्या धांवून येतात, याचें कारण कोणास शिकवावें लागत नाहीं. खळ्यावर मळणीच्या दिवसांत त्यांची चैन असते. पावसाळ्यांत किडे व कोंवळें गवत मिळतें. उन्हाळ्याच्या अखेरीस मात्र ओढग्रस्त असते. तेव्हां अंडीं कमी होतात आणि कोणी पाहुणा आला म्हणजे कळपांतला एखादा कोंबडा कमी होतो. समुद्रकांठीं सुकटीचा चुरा व शिंपल्यांचे तुकडे यांची त्यांत भर पडते. एका अंड्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतो. तो शिंपल्यांतून, जुन्या चुन्याच्या भिंतीच्या पोपड्यांतून किंवा पूर्वींच्या अंड्यांच्या टरफलांतून कोंबडी मिळवीत असे. ज्यांनीं कोंबडीस भिंत टोंचतांना पाहून हुसकून लाविलें त्यांस हें ठाऊक नव्हतें.

या कोंड्यांत काय होतें हें कळण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, आणि तें कळलें तेंहि कोंबड्यांमुळेंच. डच पूर्वद्वीपांत बेरीबेरी नांवाच्या रोगानें शिपाई व कैदी मरत. रोगाचा जंतु शोधण्यासाठीं १८८६ सालीं हॉलंडांतून मंडळी गेली. त्यांतील ख्रिस्तियान एइकमन हा डॉक्टर मागें राहून बटाव्हिया येथील प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. प्रयोगासाठीं पाळलेल्या कोंबड्यांस १८८९ सालीं एकाएकीं पाय लुळे पडण्याचा रोग झाला, व त्याच वर्षाच्या अखेरीस तो तसाच एकाएकीं नाहींसा झाला. चौकशी करतां असें निघालें कीं, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत राखणाऱ्यानें कोंबड्यांस लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतला उरलेला पांढरा भात घातला होता. नोव्हेंबरांत नवा स्वयंपाकी आला. त्यानें लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांस देण्याचें नाकारलें, आणि कोंबड्या पुनः साध्या, न सडलेल्या तांदुळावर गेल्या व बऱ्या झाल्या. एका स्वयंपाक्याच्या कायदेशीर हट्टामुळें शास्त्रास दिशा मिळाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

एइकमननें पुढें मुद्दाम प्रयोग केले. गिरणींत पांढरे केलेले तांदूळ घातले कीं रोग होई. दाण्यावरचें तांबूस पापुद्र्याचें आवरण, म्हणजे आपला कोंडा, घातला कीं तो जाई. पांढऱ्या पिठांत कांहीं विष असून कोंडा त्याचा उतारा आहे, असें त्याचें प्रथमचें मत होतें. व्होर्डरमन या अधिकाऱ्यानें जावा व मदुरा येथील शंभरावर तुरुंगांची पाहणी करून १८९७ सालीं दाखविलें कीं, जेथें कैद्यांस पांढरा तांदूळ मिळे तेथें बेरीबेरी अधिक, जेथें न सडलेला मिळे तेथें ती जवळजवळ नाहीं. त्याच्यामागून आलेल्या ग्रिन्स यानें १९०१ सालीं विषाची कल्पना सोडून देऊन, पांढऱ्या तांदुळांत कांहीं आवश्यक पदार्थाची उणीव आहे, असें प्रतिपादन केलें. १९१२ सालीं फंक यानें अशा पदार्थांस 'व्हिटॅमिन' हें नांव दिलें. १९२६ सालीं यान्सेन व डोनाथ यांनीं जावांतच तांदुळाच्या कोंड्यांतून तो पदार्थ स्फटिकरूपानें वेगळा काढला, आणि १९२९ सालीं एइकमन यास हॉपकिन्ससह नोबेल पारितोषिक मिळालें.

या कथेचा इतिहासकारास उपयोग काय? माझ्या मतें फार मोठा आहे. बटाव्हियाच्या कोंबड्या या आपल्या माहितींतल्या, केवळ कोठारांतल्या तयार धान्यावर बांधून पोसल्या गेलेल्या आणि त्याचा परिणाम नोंदला गेलेल्या पहिल्या कोंबड्यांपैकीं होत. त्यांस पोटभर मिळत होतें आणि त्या मरत होत्या. गांवकोंबडीस पोटभर मिळत नव्हतें आणि ती जगत होती. दोहोंतील अंतर मूठभर कोंड्याचें होतें. मनुष्यानें तांदूळ पांढरा केला तेव्हां कैद्याचें व कोंबडीचें नुकसान एकाच वेळीं झालें; कौटिल्यानें कणिका दासांकडे पाठविली त्यांत त्याची कंजुषी असेल, पण दासांचें हित झालें.

पुढील शोधहि याच दिशेचे आहेत. कोंबड्या हिंवाळाभर कोंडून ठेविल्या असतां पाय अधू होतात ही तक्रार पाश्चात्य देशांत जुनी होती. १९२० नंतरच्या दशकांत तिचें कारण ड जीवनसत्त्वाची उणीव, आणि उपाय ऊन किंवा कॉडमाशाचें तेल, असें ठरलें. तोंपर्यंत हजारों पक्षी छपराखालीं ठेवणें शक्यच नव्हतें. १९४६ सालीं अमेरिकेंत बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांस गाईच्या शेणांत पिलांच्या वाढीस लागणारें एक द्रव्य आढळलें. १९४८ सालीं वेगळें झालेलें ब१२ जीवनसत्त्व तें हेंच. उकिरड्यावर उकरणाऱ्या कोंबडीस अभक्ष्य ठरविणाऱ्या स्मृतिकारांस हें ऐकून काय वाटलें असतें कोण जाणे. ज्या गोष्टी गांवकोंबडी अंगणांत, उन्हांत आणि शेणांत मिळवीत होती त्या एकेक करून बाटलींत व पोत्यांत भरतां आल्या, तेव्हां कोठें कोंबडीला अंगणांतून उचलून पिंजऱ्यांत ठेवितां आलें. आज मका आणि सोयाबीनची पेंड हा बाजारी खाद्याचा गाभा आहे. पैकीं मका हें अमेरिकेंतलें धान्य, कोलंबसापूर्वीं जुन्या जगास अज्ञात. म्हणजे कॉल्युमेलाच्या यादींतला एकहि मुख्य पदार्थ या गाभ्यांत उरलेला नाहीं.

मग दुकानावांचून किती कोंबड्या पोसतां येतील? याचें उत्तर घरावर अवलंबून आहे, कोंबडीवर नव्हे. श्रीलंकेंतील खेड्यांत गुणरत्ने प्रभृति संशोधकांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत मोकळ्या कोंबड्यांच्या गळ्याच्या पिशव्यांतील अन्न तपासलें. त्यांत शेंकडा ७२ भाग घरांतलें उष्टेंखरकटें व टाकाऊ, १३ भाग गवताचे कोंब, ८ भाग किडे वगैरे लहान जीव आणि ७ भाग भात निघाला. वैयाकरणांचा 'भक्ष्यार्थी' कुक्कुट जें उकरीत होता त्याचा जवळजवळ तीनचतुर्थांश भाग मनुष्याच्याच घरून आलेला होता. घरांतून जितकें बाहेर पडेल तितकाच कळप वाढतो. पिलें अधिक झालीं तर तीं वाढत नाहींत, मरतात. सबंध दिवसांत अंड्यावरच्या कोंबडीस सुमारें ११० ग्रॅम अन्न लागतें. ज्यास दुकानाशिवाय कळप ठेवावयाचा असेल त्यानें आपल्या घरांतून व परसांतून रोज किती कणी, कोंडा, खरकटें, पाला व किडे निघतात हें आधीं मोजावें आणि कोंबड्या मागाहून मोजाव्या. जुन्या बायका हेंच करीत, फक्त बोलून दाखवीत नसत. हिंदुस्थानांत २०१९ च्या पशुगणनेंत एकंदर ८५ कोटी १८ लक्ष पक्षी मोजले गेले, त्यांपैकीं ३१ कोटी ७० लक्ष परसांतले होते. तेव्हां हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. भाताची गिरणी गांवांत आली तेव्हां कांडण घरांतून गेलें, आणि कोंडा बहुधा गिरणीवरच राहूं लागला. हें स्थित्यंतर कोणत्या गांवीं कोणत्या सालीं झालें याची नोंद कोंबडीच्या नांवावर मिळणार नाहीं. ती मिळेल घरखर्चाच्या वह्यांत, कांडणावळीच्या कलमांत, देवस्थानाच्या नैवेद्याच्या तांदुळाच्या हिशेबांत, आणि गिरणीच्या पावत्यांत. अशा वह्या रद्दींत जाण्याचा धोका फार, कारण त्यांवर शिक्का नसतो व त्यांत कोणा सरदाराचें नांव नसतें. ज्यांच्या संग्रहीं त्या असतील त्यांनीं 'कणी', 'कोंडा', 'कांडणावळ', 'सडणावळ' हे शब्द ज्या ओळींत येतात त्या ओळी मिती, माप व दर यांसह उतरून मंडळाकडे पाठवाव्या. माप पायली-शेरांत असल्यास तें तसेंच ठेवावें, किलोंत बदलूं नये. गांवागांवचा शेर निराळा होता आणि तो फरक आपणांस हवा आहे.